तिघांचा प्लॅन

आमच्या सांगलीत माणसं सहसा दूधवाला बदलत नाहीत, शिंपी बदलत नाहीत आणि डॉक्टर तर मेल्याशिवाय बदलत नाहीत. कोण मेल्याशिवाय, ते विचारू नका. ओटीटीच्या बाबतीत मात्र आम्ही पार निलाजरे झालो होतो. ‘झुळूक’वर नवी मालिका आली की झुळूक घ्यायची, शेवटचा भाग संपला की दुसऱ्या दिवशी बंद करून ‘चौकट’कडे जायचं, तिथलं बघून झालं की ‘पाखरू’. गरज सरो, वैद्य मरो. गल्लीतल्या बायका एकमेकींना भाजी विचारल्यासारखं विचारायच्या, "सध्या कुठली चालू आहे तुमच्यात?" महिना संपायच्या आत सगळं बघून संपवायचं, म्हणून लोक मालिका चाखायचे नाहीत, गिळायचे. आठवड्याने कथा विचारली तर कोणालाच धड सांगता यायची नाही.

कंपन्यांनी आधी विनवण्या केल्या, मग सवलती दिल्या, मग मालिकांचे शेवट लांबवून पाहिले. गिऱ्हाईक काही टिकेना. शेवटी त्यांनी गणितं करणारी माणसं आणली आणि तिथून ही गोष्ट सुरू झाली.

मी पद्मजा चौगुले. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि घरीसुद्धा शिकवायची थांबत नाही, अशी माझ्या मुलीची तक्रार आहे. ती त्रिशला, घरूनच एका कंपनीचं काम करते. माझे यजमान श्रेणिक, गुरांचे डॉक्टर. दिवसभर तासगाव-कवठ्याकडचे गोठे फिरतात आणि घरी येऊन मोजकं बोलतात. आणि माझ्या सासूबाई, आक्का. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे सोडले तर सगळं ठणठणीत, जीभ तर विशेष.

आम्ही जैन. जेवण सूर्य मावळायच्या आत उरकतं. त्यामुळे आमची संध्याकाळ इतरांपेक्षा लांब. सातच्या सुमाराला आम्ही चौघं टीव्हीसमोर बसायचो ते झोप येईपर्यंत. आमच्यासारख्या घरांवर कंपन्यांचा फार जीव. बघण्यात आक्का सगळ्यांच्या पुढे. खलनायिकेला त्यांनी दिलेले सल्ले ऐकून मी हसून हसून आडवी झाले आहे.

त्या वर्षी आषाढात मात्र आक्कांनी घोटाळा केला. चातुर्मासाचा नियम म्हणून दरवर्षी त्या चार महिने काहीतरी सोडतात. एकदा वांगी सोडली, एकदा दही, एकदा दुपारची झोप. त्या वर्षी देवळातून आल्या आणि म्हणाल्या, "यंदा टीव्ही सोडला."

"आज्जी, वांगी सोड ना परत," त्रिशला म्हणाली.

"वांगी आवडायची बंद झाली गं. आवडतंय ते सोडायचं असतंय. नावडतं सोडण्यात कसलं पुण्य?"

तेव्हापासून आमची मालिका सुरू झाली की आक्का आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसायच्या. दार किलकिलं ठेवून. नियम डोळ्यांचा आहे, कानांचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

गणपती जाऊन थोडे दिवस झाले असतील. आम्ही तिघं झुळूकवर काहीतरी बघत होतो. भाग संपला आणि पडद्यावर हिरवी चौकोनी पाटी आली. ‘चौगुले परिवारासाठी खास. तुमच्या घराच्या बदलत्या गरजेला साजेसा, तिघांचा प्लॅन.’

आमचा प्लॅन चौघांचा होता.

त्रिशलाने माझ्याकडे बघितलं. श्रेणिकनी रिमोट उचलून पाटी घालवली, पण हात लगेच खाली आला नाही. आतून आक्का ओरडल्या, "काय झालं गं? गाणं मधीच का बंद पडलं?" त्रिशलाने उठून आतलं दार ओढून घेतलं.

कारण अशी पाटी म्हणजे काय, हे तोवर गावभर झालं होतं. कोपऱ्यावरच्या बिरनाळ्यांकडे पाच माणसं होती, त्यांना चौघांचा प्लॅन आला आणि गेल्या दिवाळीच्या आत त्यांची थोरली सून बॅग घेऊन माहेरी गेली ती गेलीच. खणभागातल्या एका जोडप्याला एकट्याचा प्लॅन आला. बाईंना वाटलं नवऱ्याचं कुठेतरी लफडं आहे. त्या त्याच्या मागावर असतानाच तो माणूस हार्ट अटॅकने गेला. खरं-खोटं देव जाणे. पण लोक आता पाटीला भ्यायला लागले होते. कंपनी म्हणायची, हे भाकीत नाही, ही सोय आहे. घरातलं एक माणूस गेलं की उरलेले सगळं बंदच करून टाकतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून माणूस जायच्या आधीच धाकटा प्लॅन पुढे करायचा, म्हणजे उरलेले झुळूकवरच राहतात आणि चौकटच्या हाती लागत नाहीत.

पण आधी कळतं कसं? हे मला वर्गात मुलांनीही विचारलं होतं. तेव्हा मी घरून एक वाटी, एक ताटली आणि एक गोटी नेली. खोल वाटीत गोटी ठेवून टिचकी मारली, तर ती जरा बाजूला जाते आणि लगेच तळाशी परत येते. पसरट ताटलीत तीच गोटी रमतगमत परत येते. आणि ताटली अगदीच सपाट असली, तर परत येतच नाही, सरळ टेबलावरून खाली. म्हणजे गोटी पडणार आहे की नाही, हे ती पडायच्या आधी कळू शकतं. अधूनमधून टिचकी मारायची आणि परत यायला ती किती वेळ घेते तेवढं मोजायचं. वेळ वाढत चालला, तर समजायचं की वाटी सपाट होत चालली आहे. तळी, जंगलं, हवामान, अशा गोष्टींना हे लागू पडतं हे शास्त्रज्ञांना बऱ्याच आधीपासून माहीत होतं. काही उलटणार असलं की ते आधी सावरायला उशीर करू लागतं.

झुळूकने हेच आमच्या नजरेला लावलं. टीव्हीच्या कपाळावर एक बारका डोळा असतो. तो बसवायची परवानगी आम्हीच दिलेली, अटी न वाचता. कुकरची शिट्टी होते, फोन वाजतो, दारात कोणी येतं, अशा प्रत्येक टिचकीला नजर पडद्यावरून हलते. ती परत यायला किती वेळ लागला, हे तो डोळा माणसागणिक मोजतो. इथवर ठीक होतं, कारण त्यातून एवढंच कळायचं की कुठलं गिऱ्हाईक सुटत चाललं आहे. पण एकत्र बसलेली माणसं नुसती पडद्याकडे बघत नाहीत. विनोद झाला की एकमेकांकडे बघतात. रडण्याचा प्रसंग आला की दुसरा रडतोय का, ते चोरून बघतात. ती नजर वळायलाही वेळ लागतो आणि तोही मोजला जात होता. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ज्याची नजर घरच्यांकडे उशिरा वळू लागते, ते माणूस काही महिन्यांत त्या घरात नसतं. नवरा-बायको असोत, शिकायला जाणारा मुलगा असो, की आतून खंगत चाललेला म्हातारा. कंपनी हे शोधायला निघाली नव्हती. तिला ते सापडलं, आणि तिने ते विकायला काढलं.

कोण जाणार, हे मात्र पाटी सांगत नाही. कायद्याने सांगता येत नाही. ज्याला हवं त्याने स्वतःच्या नजरेचा आलेख मागवायचा, दुसऱ्याचा मिळत नाही. आणि तो उठून मागवायचं धाडस आमच्या गल्लीत अजून कोणी केलं नव्हतं.

आमच्या घरात तर मागवायची गरजही वाटली नाही. घरात एकच माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचं होतं. आम्ही तिघांनी एकमेकांशी एक शब्द न बोलता आक्कांचं नाव ठरवून टाकलं.

त्यांच्यापासून लपवायचं, असंही ठरलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं. शेजारच्या शेट्यांच्या मालतीबाईंना त्यांच्या खिडकीतून आमचा टीव्ही दिसतो. त्यांनी कुंपणावरून तोंड पाडून विचारलं, "आक्का, तब्येत बरी आहे ना?" आणि आक्कांनी पाच मिनिटांत त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं.

"व्हय गं पद्मा," त्या आत येऊन म्हणाल्या, "मी जायाची म्हणं?"

"काहीतरीच काय आक्का! मशीन आहे ते. चुकतं."

"बिरनाळ्याच्यात चुकलं न्हाई की."

त्या घाबरल्या नाहीत, याचीच मला भीती वाटली. उलट लग्नघरातल्यासारखी लगबग सुरू झाली. ट्रंक उघडली. त्रिशलाला पाटल्या दिल्या. श्रेणिकना त्यांच्या वडिलांचं घड्याळ दिलं. मला त्यांची मोरपंखी इरकली दिली, जिच्यावर माझा लग्नापासून डोळा होता आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मालतीबाईंना पितळी पूजेचं ताट दिलं. "बातमी तिनंच आणली न्हवं का," म्हणाल्या.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या आठवड्यात मी त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडला तर बीपीच्या गोळ्या जशाच्या तशा.

"आक्का, हे काय?"

"कशाला वाया घालवायच्या? जाणाऱ्याला औषध कशाला?"

मी ओरडले. सासूवर सून ओरडत नाही आमच्यात, पण मी ओरडले आणि मग रडले. मी या घरात आले तेव्हा माझं एमएस्सीचं दुसरं वर्ष राहिलं होतं. सगळे म्हणत होते, आता पुरे. आक्का एकट्या म्हणाल्या, "चूल मी बघते, तू पेपर दे." त्या बाई माझ्या डोळ्यांदेखत एका पाटीवर विश्वास ठेवून जीव सोडायला बसल्या होत्या. त्या नसलेलं घर मला नको होतं. मी त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण गोळी काही घेतली नाही.

मी त्यांना ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "गोळ्या चुकवल्यामुळे प्रेशर वाढलंय, बाकी काही नाही. आजींचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे." रिक्षात बसताना आक्का मला म्हणाल्या, "डॉक्टरला काय कळतंय? तो सहा महिन्यातनं एकदा बघतोय मला. मशीन रोज बघतंय."

आणि माझी ट्यूब पेटली. एवढी फिजिक्स शिकवणारी बाई, पण पेटायला आठवडा लागला.

"थांबा आक्का. मशीन तुम्हाला रोज कुठे बघतंय? तुम्ही आषाढापासून टीव्हीसमोर बसलाच नाहीत!"

"मग?"

"मग ते मोजणार काय? नजर हलली, परत आली, तर मोजायचं. तुमची नजरच नाही तिथे. आणि तुम्ही काही हळूहळू कमी केलं नाही. आषाढीपर्यंत रोज बघत होता, एका दिवसात बंद केलं. गोटी घरंगळली नाही आक्का, तुम्ही ती उचलून कनवटीला लावलीत. माणूस गावाला गेला, आजारी पडला, की असंच होतं. त्याला मशीन जाणं धरत नाही. तुमच्यावरून त्याला काहीही सांगता येणार नाही."

रिक्षा राममंदिर चौकापर्यंत येईतो आक्का आपली कनवट चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी न्हाई?"

"तुम्ही नाही."

"बघ हं, नीट बघून सांग."

"नीट बघितलंय."

त्यांनी एक लांब श्वास सोडला. चेहऱ्यावर आनंद होता, आणि थोडा अपमानही. "मग ती इरकली दे परत," म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी गोळी घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. मला खरोखर वाटलं की संकट टळलं. भाजी फोडणीला टाकताना लक्षात आलं की टळलेलं नाही. आक्का नसतील, तर बाकीच्या तिघांतलं कोणीतरी आहे.

मी पहिल्यांदा त्रिशलाला धरलं. तरुण मुलगी, चांगलं शिक्षण, कानात सतत काहीतरी घातलेलं. जेवताना फोनकडे बघून हसायची. माझ्या मते पुरावा भक्कम होता.

"बंगळूरला नोकरी बघते आहेस का?"

"नाही."

"मग कोणी मुलगा आहे?"

"आहे. म्हणजे, असेल. पण तो मिरजेत राहतो आई. मी जाणार असते तर सांगून गेले असते. चोरून जायला मी काय तुरुंगात आहे?" मग तिचाही पारा चढला. "आणि मला काय विचारतेस? तुझ्या त्या धडगावच्या ललिताताईंचा परत फोन आला होता. तू का उचलत नाहीस?"

"तो विषय वेगळा आहे," मी म्हटलं आणि विषय मिटवला.

धडगावचा विषय असा होता. ललिता पाडवी सातपुड्यातल्या पाड्यांवर एक फिरती प्रयोगशाळा चालवतात. एका बसमध्ये भिंगं, चुंबकं, दुर्बीण, सगळं भरून त्या गावोगाव नेतात. एका शिबिरात आमची ओळख झाली होती. त्यांना दोन वर्षांसाठी फिजिक्सचं माणूस हवं होतं. माघात त्यांचा पहिला फोन आला. मी ‘कळवते’ म्हटलं होतं. हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. कॉलेजात बिनपगारी रजा मिळते का, एवढी चौकशी केली होती, आणि ती सहज केली होती.

मग मी श्रेणिकच्या मागे लागले. हे फोन आला की अंगणात जाऊन बोलतात. मी एकदा दाराआड उभी राहून ऐकलं, तर कोणाच्या तरी व्यायलेल्या म्हशीची वार अडकली होती. मी तशीच परत फिरले. पण दुसऱ्या दिवशी दुसरा फोन आला, तेव्हा परत दाराआड गेले.

आक्कांनी मला तिथे पकडलं. त्या दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

"आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं चाललंय तुझं. मला दवाखान्यात नेऊन आलीस, पोरीशी भांडलीस, आता ह्याच्या मागं उभी. आपापला आलेख का काय ते मागवा की तिघंबी. कळू दे एकदाचं."

"आणि काही वाईट निघालं तर?"

"न मागवता चांगलं निघणाराय व्हय?"

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तिघांनी आपापल्या फोनवरून मागणी टाकली. चहा उकळेपर्यंत आलेख आले.

त्रिशलाने आपला फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. रेषा इकडून तिकडे सरळ. "बघ," ती म्हणाली, "मी कुठेही चाललेले नाही. मलाच वाईट वाटतंय आता."

श्रेणिकचीही रेषा सरळ होती. त्यांच्या आलेखाखाली आणखी एक ओळ होती, नजर पडद्यावरून हलली की सर्वांत जास्त कुठे जाते त्याची. त्रिशलाने ती मोठ्याने वाचली. "‘सदस्य दोन.’ सदस्य दोन कोण? आई, तू!" ती टाळ्या वाजवू लागली. श्रेणिकनी चहाच्या कपात बघितलं. मी हसले, कारण माझा फोन मी अजून बघितला नव्हता.

माझी रेषा चढत गेलेली होती. घाटासारखी, सावकाश, न थांबता. मी आधी म्हटलं, हे आक्का आत बसायला लागल्या म्हणून असेल, मला त्यांच्याशिवाय बघायला मजा येत नाही. पण मी तारखा बघितल्या. मला तारखा बघायची सवय आहे. रेषा आषाढात उठली नव्हती, माघात उठली होती. आक्का तेव्हा माझ्या शेजारी बसून खलनायिकेला सल्ले देत होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्या घराची झडती घेऊन झाली होती आणि जाणारी मीच निघाले.

मी माझा फोन त्रिशलाच्या फोनशेजारी ठेवला. मग मीच बोलले. बसबद्दल सांगितलं, माघातल्या फोनबद्दल सांगितलं, रजेची चौकशी केली तेही सांगितलं. सांगता सांगता मला कळत होतं की मी हे ‘सहज’ केलेलं नव्हतं. मालिका चालू असताना माझ्या डोक्यात ती बस चालू असायची. कुठल्या पाड्यावर पहिल्यांदा दुर्बीण लावायची, मुलांना सूर्याची सावली कशी मोजायला लावायची, हे मी महिनोन्‌महिने मनात मांडत होते. टीव्हीच्या कपाळावरच्या त्या डोळ्याला फक्त एवढंच दिसत होतं की बाई समोर बसली आहे, आणि नाही.

"पण आई," त्रिशला म्हणाली, "पाटी आलीच नसती, तर तू गेली असतीस का? का कळवते कळवते म्हणत राहिली असतीस? मशीनने ओळखलं, का मशीननेच ढकललं?"

हा माझ्या विद्यार्थ्यांनी विचारावा असा प्रश्न होता. मी खूप विचार केला. "माहीत नाही," मी म्हटलं. "पाटी आलेलं एक घर आणि न आलेलं तेच घर, असे दोन प्रयोग शेजारी मांडता आले असते तर सांगितलं असतं. तसं करता येत नाही."

"मला उन्हाळ्यापासून ठाऊक होतं," श्रेणिक म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"तू टीव्हीशी भांडायचं सोडलंस," ते म्हणाले. "आधी कोणी गच्चीवरून उडी मारून चालायला लागलं की तू ओरडायचीस, वेग बघा, वजन बघा, हाडं मोडतील. चैत्रात एक माणूस विमानातून पडून नीट उभा राहिला आणि तू काही बोलली नाहीस. जनावर दावं तोडायच्या आधी चाऱ्यातलं लक्ष काढतं."

"मी गाय नाही!"

"म्हणून तर थांबलो. गाय असतीस तर इंजेक्शन दिलं असतं."

त्रिशला फिसकन हसली. मला राग आला आणि हसूही आलं. "उन्हाळ्यापासून ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत? मी त्या पाटीपायी सगळं घर उलथं केलं. आक्कांनी गोळ्या सोडल्या. तुम्ही बघत बसलात?"

"पाटी आली तेव्हा वय बघून मलाही आईचीच काळजी वाटली. तुझं मात्र, तू सांगशील असं वाटलं."

आक्कांनी माझा फोन उचलून माझ्या हातात ठेवला. "लाव त्या बाईला. येती म्हण, न्हाईतर न्हाई म्हण. लटकत ठेवू नको कुणाला."

मला वाटलं होतं, असा क्षण आला की मी कारणं सांगेन. आक्कांचे गुडघे, त्रिशलाचं लग्न, बारावीचं वर्ष. ती सगळी कारणं माझ्या तोंडाशी आली होती. मी आक्कांकडे बघितलं आणि कळलं की माझ्या प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उत्तर तयार आहे. मी फोन लावला. ललिताताईंनी लगेच उचलला.

"येते," मी म्हटलं. "दिवाळीनंतर येते."

त्रिशला उठून माझ्या गळ्यात पडली आणि रडली. आक्का तिला दटावू लागल्या, "रडतीस काय, तुझी आई काय मंगळावर चाललीय?" आणि स्वतःच पदराने डोळे टिपू लागल्या. या सगळ्या गलक्यात श्रेणिक उठून मागच्या अंगणात गेले. मला ते उशिरा दिसलं. मी त्यांच्या मागे गेले.

ते नळाशी बसून आपले गमबूट धूत होते. बूट स्वच्छ होते. रविवारी ते गोठ्यावर जातच नाहीत.

"रागावलात का?"

"नाही." त्यांनी नळ बंद केला. "मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. जाऊ नकोस असं नाही म्हणत, तू जा. उद्या विचारलंस तरी जाच म्हणेन. पण मला वाईट वाटतंय, हे तुला त्या डोळ्याने आलेख काढून सांगावं, असं मला नको आहे. ते मी सांगतोय."

पंचवीस-सव्वीस वर्षं आम्ही रोज संध्याकाळी शेजारी शेजारी बसत आलो होतो, तोंडं भिंतीकडे करून. या माणसाची नजर दर वेळी माझ्याकडे वळत होती, हे मला आज दुपारी एका कंपनीने कळवलं होतं.

कपडे धुवायचा दगड मी ओढून घेतला आणि त्यांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"सांगा," मी म्हटलं. "अजून काय काय वाटतंय, ते सगळं सांगा."

त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले आणि अडखळत बोलायला सुरुवात केली, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत राहिले.